औदुंबराला पाय असतात का?

(अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय वर्गात एका निवृत्त मराठी शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



वर्गाच्या संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'भाषा आणि कला या विषयांतील विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन'. याआधीच्या सत्रात गणिताविषयी आपण ऐकलेत. गणित शिकविणाऱ्या कार्यकर्त्याचा मला नेहमी थोडा हेवा वाटतो. उत्तर जुळले की जुळले; मूल आणि शिक्षक दोघेही निश्चिंत होतात. आमच्याकडे मात्र मूल वही घेऊन येते आणि विचारते, "या कवितेतून कवीला काय म्हणायचे आहे?" कवी तर शंभर वर्षांपूर्वी गेलेला. घड्याळात सव्वाआठ झालेले. साडेआठला समाजमंदिराची किल्ली परत द्यायची असते. अशा वेळी कार्यकर्ता काय करतो, ते मी आपल्याला सांगायला नको. तो उत्तर सांगतो आणि मुले लिहून घेतात.

मी स्वतः सव्वीस वर्षे मराठी शिकविले आणि निवृत्तीनंतर मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सेवावस्तीतील अभ्यासिकेत बसू लागलो. त्यामुळे पुढे जे दोष सांगणार आहे, ते बहुतेक माझेच आहेत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेने मुलांना बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवर काही प्रश्न घरून लिहून आणायला सांगितले होते. ही कविता आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. अवघ्या आठ ओळींची. ओढा, टेकडीकडची मोजकी घरे, शेते, कुरणातून पाण्याकडे जाणारी वाट आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कविता संपली. एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, झाडाला पाय असतात का?"

मी हसलो. आजूबाजूची मुलेही हसली. मग मी गंभीर होऊन सांगितले की, याला चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात. निर्जीव वा मानवेतर वस्तूवर मानवी गुणांचा आरोप केला की हा अलंकार होतो. पुढे ओघातच सांगून टाकले की, औदुंबर हे दत्तगुरूंचे स्थान, म्हणून तो येथे विरक्तीचे प्रतीक आहे, संसाराच्या धावपळीपासून अलिप्त अशा योग्याची ती समाधी आहे. वाक्य मोठे डौलदार झाले. अकरा मुलांनी ते लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळेतील बाईंनी अकरा वह्यांत एकच वाक्य पाहिले. त्यांनी एकाला उभे करून विचारले, "विरक्ती म्हणजे काय रे?" मुलगा गप्प. अकराही वह्यांवर शेरा आला : 'स्वतःचे उत्तर लिहा.' दोन दिवस मी त्या बाईंवर मनातून रागावलो होतो. नवख्या शिक्षिकेला प्रतीकाची काय जाण, असेही मनात येऊन गेले. खोटे कशाला सांगू?

त्या रविवारी मुलांना घेऊन गावाबाहेर ओढ्याकाठी गेलो होतो. झाडाला पाय असतात का, असे विचारणारा मुलगा सुट्टीच्या दिवशी मामाच्या शेळ्या राखीत असे. त्याला तो सगळा परिसर ठाऊक होता. त्याने माझा हात धरून एका वळणाशी नेले. तेथे काठावर एक जुना उंबर होता. पावसाळ्यात ओढ्याने त्याच्या बुडाखालची माती वाहून नेली होती आणि दोन जाड मुळे उघडी पडून वाकत वाकत पाण्यात उतरली होती. मुलगा म्हणाला, "हे बघा गुरुजी, पाय."

सव्वीस वर्षे मी ती कविता शिकविली, तिच्यावर प्रश्नपत्रिका काढल्या, आदर्श उत्तरे लिहिली. पण पाण्याकाठचा उंबर मी कधी नीट पाहिलाच नव्हता. बालकवींनी तो पाहिला होता. अलंकार नंतर आला. आधी ते दृश्य होते. मुलाचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. कवितेच्या दारात तो बरोबर पाय ठेवून उभा होता आणि मी त्याला व्याकरणाचे पुस्तक दाखवून परत पाठविले होते.

कवितेत काय आहे, ते आधी

त्या झाडाखाली आम्ही तासभर बसलो. उंबराची फळे फांद्यांच्या टोकाला न येता खोडालाच कशी लगडतात, हे मुलांनी मला दाखविले. कोणी फळ फोडले, आत बारीक किडे. "उंबरात किडे का असतात?" हा प्रश्न आला. योगायोगाने याचे उत्तर मला ठाऊक होते. 'उंबराचे फूल' हा आपला वाक्प्रचार क्वचित दिसणाऱ्या व्यक्तीसाठी आपण वापरतो; पण उंबराला फुले असतात आणि ती आपण रोज पाहत असतो. ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या आतच ती शेकडो फुले दडलेली असतात. एक बारीकशी माशी वरच्या छिद्रातून आत शिरते आणि परागीभवन घडविते. ते ऐकून मुलांनी प्रत्येक फळाचे छिद्र शोधायला सुरुवात केली. हा मराठीचा तास होता की विज्ञानाचा, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मी मुलांना एवढेच सांगितले की, कविता पुन्हा दोनदा मोठ्याने वाचा आणि तीत काय काय आहे ते लिहा. 'अर्थ' लिहू नका. काय आहे, ते लिहा. बहुतेकांनी रंग टिपले : हिरवा, निळा, सावळा, पांढरा, काळा. एका मुलीने मात्र लिहिले, "या कवितेत घरे आहेत पण माणूस एकही नाही. वाट गावातून निघते आणि पाण्यापाशी संपते." मी पुस्तक पुन्हा उघडले. खरेच, माणूस नाही. पक्षीही नाही. सगळी कविता जणू श्वास रोखून थांबली आहे.

मित्रहो, 'औदुंबर'च्या अर्थाविषयी मराठी समीक्षेत फार जुना वाद आहे. कोणाला त्यात निखळ निसर्गचित्र दिसते, कोणाला तृप्तीत बसलेला तपस्वी दिसतो, कोणाला उदासीनतेची, मृत्यूची सावली दिसते. नामवंत समीक्षकांनी यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. बालकवींचा जन्म १८९० चा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा ते किशोरवयात होते. आणि १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. हा अंत ठाऊक असल्यामुळे आपण कवितेतील डोहात मृत्यू पाहतो काय, अशी मला शंका येते. पण त्या मुलीला भादलीची हकिगत माहीत नव्हती. तिने केवळ वाट कोठे जाते, ते पाहिले होते. तेवढ्यावरून ती जेथे पोहोचली, तेथे मोठमोठे समीक्षक पोहोचले आहेत आणि तिच्या वहीवर माझे एकही वाक्य नव्हते.

आपल्या कार्यपद्धतीत एक गुण आहे, तोच येथे आडवा येतो. आपल्याला बौद्धिक देण्याची सवय असते. मुलाने दोन शब्दांचा प्रश्न विचारावा आणि आपण वीस मिनिटांचे बौद्धिक द्यावे, हे मी अनेक अभ्यासिकांत पाहिले आहे. मूल विनयाने ऐकते, मान डोलावते आणि मनातल्या मनात ठरविते की पुन्हा यांना काही विचारायचे नाही. (हशा) आपण हसलात, म्हणजे हा अनुभव आपल्यालाही आहे.

सागर आणि ऊसतोड

अगदी उलट अनुभवही सांगतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या 'सागरा प्राण तळमळला' या गीतावर मुलांना काही लिहायचे होते. हे गीत म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचा विषय. १९०९ साल, इंग्लंडमधील ब्रायटनचा समुद्रकिनारा, तो सगळा प्रसंग मी रंगवून सांगितला. मदनलाल धिंग्रा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाशी गेले होते, घरी ज्येष्ठ बंधू बाबाराव जन्मठेपेच्या शिक्षेला सामोरे गेले होते, मायभूमीला परतण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. मुले ऐकत होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. इंग्लंड त्यांच्या दृष्टीने नकाशावरचा एक ठिपका.

एक मुलगी मात्र खाली मान घालून लिहीत होती. तिचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मार्च-एप्रिलपर्यंत ती आजीजवळ असते. तिने लिहिले होते, "नेणाऱ्याने परत आणीन असे सांगितलेले असते. मग माणूस त्यालाच रागावतो, कारण दुसऱ्या कोणाला रागावणार?" तिच्या मनात मुकादमाचा टेम्पो होता, हे तिने मागाहून सांगितले. गीतात सावरकर सागराला जो जाब विचारतात, त्याचे याहून नेमके विवरण मी कोठे वाचलेले नाही.

मी त्या मुलीला मातृभूमीविषयी आणखी दोन शब्द सांगणार होतो. सांगितले नाहीत. परक्या मुलखातील वैभवापेक्षा आपल्या माणसांची झोपडी बरी वाटणे म्हणजे काय, हे मी तिला शिकवावे अशी स्थिती नव्हती. देशभक्तीच्या कवितेपर्यंत ती आपल्या पायवाटेने आली होती. ती पायवाट उखडून तेथे आपला डांबरी रस्ता करण्याचा मोह कार्यकर्त्याने आवरला पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. या मताशी येथील काही ज्येष्ठ सहमत नसतील. मध्यंतरात बोलू.

आवडते उत्तर आणि खरे उत्तर

आता जरा अवघड जागेकडे वळतो. मुले इतिहास आणि साहित्य यांची सरमिसळ करून प्रश्न विचारतात, आणि तेथे आपली खरी परीक्षा असते. पाचवीतल्या एका मुलाला शाळेने विचारले होते, "सिंहगड हे नाव कसे पडले?" उत्तर आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे. तानाजी मालुसरे पडले, महाराजांनी उद्गार काढले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने ती लढाई घराघरांत नेली. हरिभाऊ आपट्यांनी त्या प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि तिचे शीर्षकच म्हणीसारखे झाले. मीही लहानपणी ते ऐकून रडलो आहे.

परंतु तानाजींनी गड घेतला तो १६७० च्या फेब्रुवारीत. आणि 'सिंहगड' हे नाव त्याच्या सात वर्षे आधीच्या, १६६३ सालच्या, महाराजांच्या पत्रात आलेले आहे. म्हणजे नाव आधीचे आहे. हे मुलाला सांगायचे की नाही? माझ्याबरोबरचा एक तरुण कार्यकर्ता कळवळून म्हणाला, "सर, राहू द्या ना. मुलांच्या मनातली प्रतिमा कशाला मोडायची?" त्याचा हेतू शुद्ध होता.

मी मुलाला दोन्ही सांगितले. पोवाडा म्हणजे काय, शाहीर लढाईचे काय करतो, पत्र म्हणजे काय आणि इतिहासकार पत्राला इतके का मानतो. मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हणजे तानाजी लढले हे खरे ना?" म्हटले, अगदी खरे. घरचे लग्न बाजूला ठेवून गेले, ही आठवण परंपरेने जपली आहे. रात्री कडा चढून गेले, गड घेतला आणि तेथेच पडले. "मग नाव कधीचे का असेना," असे म्हणून तो लिहू लागला. आपल्या तरुण मित्राची चिंता त्या पाचवीतल्या मुलाने अर्ध्या मिनिटात निकालात काढली.

आपल्याला ठाऊक असेल की, एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून एक भलतेच चित्र महाराष्ट्रात प्रचलित होते. ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. लोक त्यालाच वंदन करीत. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच साधनांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांसमोर आणले. याच बेंद्र्यांनी संभाजी महाराजांवरील बदनामीची पुटे पुराव्यांनिशी दूर केली. त्यांचे संभाजीचरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले, त्यामागे चार दशकांची मेहनत होती. नाटके आणि कादंबऱ्यांनी रंगविलेला व्यसनी, उच्छृंखल संभाजी कागदपत्रांपुढे टिकला नाही. पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने महाराजांचे आणि शंभूराजांचे केवढे कार्य केले! चित्रकलेच्या वहीत महाराजांचे चित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाला ही हकिगत मी सांगतो. "हे चित्र खरे कशावरून?" असे एखाद्याने विचारले तर मला राग येत नाही, त्याला बेंद्र्यांची जात लागली असे मी समजतो. जात म्हणजे अभ्यासकाची जात, गैरसमज नसावा.

"सर, अजिंठा आमचा ना?"

याच संदर्भात एक प्रसंग, जो मी आजवर जाहीरपणे सांगितलेला नाही.

आमचा भाग अजिंठ्यापासून फार दूर नाही. शाळेने मुलांना अजिंठ्याच्या चित्रकलेवर प्रकल्प करायला दिला होता. मी तयारी करून गेलो होतो. लेण्यांचे दोन कालखंड, पहिला सातवाहनांच्या काळातील इसवी सनापूर्वीचा, दुसरा वाकाटकांच्या काळातील पाचव्या शतकाचा. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तेथे पोहोचला, त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून ठेवले, ही गोष्ट. सगळे सांगून झाले. वस्तीतील एक मुलगा, घरी बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर असलेला, मागच्या ओळीतून उठला आणि म्हणाला, "सर, अजिंठा आमचा ना?"

वर्गात एकदम शांतता झाली. 'आमचा' या शब्दाचा अर्थ तेथे बसलेल्या प्रत्येक मुलाला कळला होता. माझ्या जिभेवर तयार उत्तर होते : आमचा-तुमचा असे काही नसते बाळ, आपण सगळे एक आहोत. हे वाक्य खोटे नाही. त्यावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच तर आयुष्य या कामात घातले. पण त्या क्षणी ते उच्चारणे म्हणजे त्या मुलाच्या हातातली एक गोष्ट गोड शब्दांत काढून घेणे झाले असते. त्याच्या वाट्याला अभिमानाने 'आमचे' म्हणण्यासारख्या वस्तू शाळेच्या पुस्तकात किती येतात?

मी म्हणालो, "हो, तुझा. मला दाखवशील का?"

तो बसला नाही. उभाच राहिला आणि हसला. पुढच्या महिन्यात आम्ही अठ्ठावीस जण एस.टी.ने अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर तोच पुढे होता. सोळाव्या लेण्यात मी त्याला शिलालेख दाखविला. वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने तो विहार भिक्षुसंघाला अर्पण केला, असे त्यात कोरलेले आहे. राजाच्या दरबारातला मंत्री भिक्षूंसाठी डोंगर कोरवितो आणि चित्रकार त्यात रंग भरतात. मुलाने विचारले, "चित्रकारांची नावे?" नावे नाहीत. त्यावर तो काही वेळ काही बोलला नाही.

मग रंगांचा विषय निघाला. भिंतीवर चिखलमातीचा गिलावा, त्यात भाताची तुसे आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ थर. आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग. तांबडा, पिवळा, हिरवा हे रंग मातीचे आणि दगडांचे, काळा काजळीचा. पण निळा येथला नाही. तो ज्या दगडापासून होतो तो थेट अफगाणिस्तानच्या बदख्शान भागातून येत असे. त्या शेळ्या राखणाऱ्या मुलाने (तोही आला होता) हिशेब मांडला की, निळा रंग किती दिवस चालत आला असेल. हा प्रश्न प्रकल्पात नव्हता. प्रकल्पाच्या वहीत सर्वांत चांगले पान मात्र तेच झाले.

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते, कारण ती मुलांना फार लागली. या चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल याने उमेदीची वर्षे घातली आणि त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे पुन्हा तेच काम केले. त्यांतीलही अनेक चित्रे लंडनमध्येच आगीत गेली. "मग तिसऱ्यांदा कोणी केले?" मुलांनी विचारले. केले, अनेकांनी. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे आपले तरुण चित्रकार येथे राबत होते. पुढे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अजिंठ्यावर ग्रंथ केला. औंधचे त्यांचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. सातारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तर सबबच नाही.

मोबाईल सगळे सांगतो

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनातील प्रश्न. मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात उत्तर लिहून देते. मग आपण कशाला? गेल्या वर्षी एका मुलाने 'औदुंबर'चे रसग्रहण यंत्राकडून लिहून आणले. भाषा माझ्यापेक्षा सफाईदार. त्यात मात्र 'पक्ष्यांच्या किलबिलाटाने भारलेला परिसर' होता. मी त्याला एवढेच म्हटले की, तो पक्षी मला कवितेत दाखव. त्याने दोनदा, तीनदा कविता वाचली. पक्षी सापडला नाही. मुलगा ओशाळला, पण माझा उद्देश त्याला ओशाळवण्याचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मीही त्या कवितेत नसलेला योगी बसविलाच होता. यंत्र आणि मी, दोघांनीही कविता न पाहता तिच्याविषयी शोभेसे काहीतरी सांगितले होते. त्या मुलाने तीनदा कविता वाचली, हा त्यातला लाभ.

वारली चित्रांचेही तसेच. 'वारली चित्र काढून आणा' म्हटले की मुले मोबाईलवरून तारपा नाच उतरवितात. त्याला माझी हरकत नाही. फक्त मी एक विचारतो : हे चित्र कोणी, कधी आणि कशावर काढत असत? पालघर जिल्ह्यातील आपल्या जनजाती बांधवांच्या घरी विवाहप्रसंगी सवाष्ण स्त्रिया गेरू-मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात देवी असते. तो लग्नविधीचाच भाग आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. हे कळल्यावर आमच्या एका मुलीने त्रिकोणांची माणसे सोडून आपल्या आजीने हळदीला काढलेला चौक काढून आणला. शाळेत तिला 'विषयाला सोडून' असा शेरा मिळाला. आम्ही ते चित्र अभ्यासिकेच्या भिंतीवर लावले आहे.

आता आपण दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन घेतो. वेळ झाली आहे, अशी खूण संयोजक मला केव्हापासून करीत आहेत.

पहिली चिठ्ठी : 'अशाने परीक्षेत गुण कमी पडले तर पालकांना काय सांगायचे?' प्रश्न रास्त आहे. ज्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच मूल असते, तेथे गुण ही चैनीची वस्तू नव्हे. म्हणून मी परीक्षेला नावे ठेवत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला चार गुण असतात आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असा त्याचा साचा ठरलेला आहे. तो साचा मी मुलांकडून घोटून घेतो. पण कधी? मूल आपल्या तोंडाने कवितेविषयी चार वाक्ये बोलल्यावर. आधी वाक्ये, मग साचा. ज्या मुलीने 'माणूस एकही नाही' असे लिहिले होते, तिचे तेच वाक्य आम्ही आशयसौंदर्याखाली बसविले आणि चेतनगुणोक्ती अलंकार काव्यसौंदर्याखाली. चारांपैकी साडेतीन मिळाले. अर्धा गुण कशाचा गेला, ते तिने बाईंना विचारले, शुद्धलेखनाचा होता. तो माझा दोष, मी वही नीट तपासली नव्हती.

दुसरी चिठ्ठी : 'आम्ही विज्ञान शाखेचे. आम्हालाच कविता कळत नाही. आम्ही काय सांगणार?' ज्याने लिहिली आहे त्याने नाव दिलेले नाही, पण अक्षर तरुण आहे. बंधो, तू निर्धास्त बस. मुलाला कविता मोठ्याने वाचायला सांग, तूही वाच. न समजलेल्या शब्दाखाली दोघेही रेघ मारा. 'मलाही हे ठाऊक नाही, उद्या पाहून येतो' हे वाक्य मुलासमोर म्हणायला शिक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी ते एकदाही म्हटले नव्हते. अभ्यासिकेत आता आठवड्यातून दोनदा तरी म्हणतो. मात्र उद्या खरोखर पाहून ये. मुले विसरत नाहीत.

शेवटी एक सूचना. ओढ्याकाठचा तो उंबर आता नाही. पुलाच्या कामात तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याचे छायाचित्रही आम्ही काढून ठेवले नाही. त्या शेळ्या राखणाऱ्या मुलाने (तो आता आय.टी.आय. करून कामाला लागला आहे) वरच्या अंगाला, दीड कोसावर, दुसरा उंबर शोधून ठेवला आहे, त्याचे एकच मूळ पाण्यात उतरले आहे, पण उतरले आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता बस स्थानकाजवळून आम्ही मुलांना घेऊन निघणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल, त्यांनी मध्यंतरात माझ्याकडे नावे द्यावीत. पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणावा.